तासाला चार पानं

पत्र

आदरणीय मॅडम,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. गावाचं नाव कृपया छापू नका, आमच्या बार रूममध्ये तुमचं सदर वाचतात. बी.ए. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, पेपर सगळे मराठीतून लिहिले. सनद मिळाल्यावर दीड वर्ष गावातल्याच एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर होते. पोटगीच्या फाइली बहुतेक माझ्याकडे असायच्या. ऊसतोड सुरू झाली की पक्षकारच येत नाहीत, नुसत्या तारखा पडतात. त्या रिकाम्या वेळात क्लॅट पीजी या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला. नंबर लागला आणि ऑगस्टपासून एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात एक वर्षाचं एलएल.एम. करते आहे.

वर्गात बहुतेक जण पाच वर्षांच्या कोर्समधून आलेले. बोलतात ते निम्मं मला दुसऱ्या दिवशी कळतं. केशवानंद भारती वाचून या म्हणून सांगितलं होतं. रात्री दोन वाजेपर्यंत बसले तरी माझी तासाला चार पानं होतात. वर्गात सरांनी विचारलं, ‘व्हॉट इज युअर पोझिशन?’ मी म्हटलं, ‘सर, आय ॲम स्टिल रीडिंग.’ मागून कुणीतरी हसलं. पुढच्या आठवड्यात अंतरिम मनाईवर सेमिनार झाला, त्यातही मी एक शब्द बोलले नाही.

दिवाळीपर्यंत डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा, विषय द्यायचा आहे. मैत्रीण म्हणते, एआयकडून सिनॉप्सिस लिहून घे, सगळे घेतात. गावाकडचे साहेब म्हणतात, परत ये, तुझं टेबल तसंच आहे, चार पुस्तकं वाचून उलटतपास येत नसतो. बाबांनी शैक्षणिक कर्ज काढलंय. आई फोनवर विचारते, ‘हे झाल्यावरही वकीलच ना? मग आधी कोण होतीस?’ मला उत्तर देता येत नाही. सोडून यावं का?

– एक ज्युनिअर

उत्तर

तुझ्या आईपासून सुरुवात करते, कारण पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा आहे. हो, हे झाल्यावरही तू वकीलच. वकिली करायला एलएल.एम. लागत नाही. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेलाही लागत नाही. उलट तिथे सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. ती वाट मनात असेल तर हे वर्ष वकिलीत धरू नकोस, तुझी दीडच वर्षं झाली असं समजून चाल. एलएल.एम. लागतं ते शिकवायला: 55 टक्के गुण आणि वर नेट किंवा सेट. बाकी तालुक्याच्या कोर्टात पाटीवर ‘एलएल.एम.’ रंगवलं म्हणून कुणी पक्षकार दोनशे रुपये जास्त देत नाही, हे तुझ्या साहेबांना पक्कं ठाऊक आहे. उलटतपासाबद्दलही त्यांचं खरं आहे. तो उभं राहूनच येतो.

पण साहेबांचं टेबल कुठे पळून जात नाही. हे वर्ष मात्र एकदाच मिळणार. रोज दहा तारखा असल्या की फाइल चालवता येते, पण ती अशी का चालते हे बघायला कुणाला फुरसत असते? ती फुरसत तुझ्या बाबांनी व्याजाने विकत घेतली आहे. ती कशी वापरायची एवढंच ठरवायचं आहे, आणि ‘वर्गातल्या मुलांसारखं बोलायला शिकण्यासाठी’ हे त्याचं उत्तर असेल तर खुशाल परत जा. एवढ्या पैशात इंग्रजी बोलायचा क्लास कितीतरी स्वस्त पडला असता.

आता तासाला चार पानं.

अगं, तू जी प्रवेश परीक्षा देऊन आत आलीस तिच्यात दोन तासांत 120 प्रश्न असतात, सगळे इंग्रजीत, उतारे वाचून सोडवायचे. म्हणजे तुला वाचता येतं. निकालपत्र कसं वाचायचं ते तुला अजून कुणी दाखवलेलं नाही, घोडं तिथे अडलंय. तू ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असणार, जसं आपण पोथी वाचतो. आणि प्रत्येक अडलेला शब्द मोबाइलवर शोधत असणार. मीही तेच करायचे. मी एलएल.एम.ला गेले तेव्हा तर ‘भगवती जे.’, ‘खन्ना जे.’ असं वाचून आठवडाभर मला प्रश्न पडला होता की या सगळ्या न्यायमूर्तींच्या नावात शेवटी ‘जे’ कसा? कुणाला विचारायची सोय नव्हती. जे म्हणजे जस्टिस, हे मला ग्रंथालयातल्या शिपायाने सांगितलं. तेही असं, की जणू मीच त्याला काहीतरी सांगत होते. फार सज्जन माणूस.

केशवानंदपुरतं सांगते. 24 एप्रिल 1973 चा निकाल, संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही असं सांगणारा. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, अकरा वेगवेगळी निकालपत्रं, सातशेच्या आसपास पानं. 68 दिवस युक्तिवाद चालला होता. हे पुस्तक नव्हे, अकरा माणसांचं एका खोलीतलं भांडण आहे. त्यात पान 1 पासून शिरायचं नसतं. आधी शेवटाकडे ‘बहुमताचा सारांश’ म्हणून एक छोटा मजकूर आहे तो वाच. तेरापैकी नऊ जणांनीच त्यावर सह्या केल्या, चौघांनी केल्या नाहीत. त्या का केल्या नसतील, हा प्रश्न मनात घेऊन न्या. खन्ना यांच्याकडे जा, कारण सहा इकडे, सहा तिकडे आणि ते मध्ये, म्हणून निकालाचं पारडं त्यांनी फिरवलं. मग ज्यांचं खन्नांशी अजिबात पटत नाही अशा एकाचं वाच. एवढं झालं की वर्गातल्या निम्म्या लोकांपेक्षा तुझं जास्त वाचून झालं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी नोट्स वाचल्यात. त्यांना विचारून बघ, मूळ खटला कशाचा होता. घटनेच्या मूलभूत चौकटीचा? नाही. केरळातल्या एका मठाच्या जमिनीचा. जमीन सुधारणा कायद्यात जमीन जाऊ नये म्हणून मठाधिपती कोर्टात आले होते. सीलिंगच्या केसेस तुमच्या बारमध्ये म्हाताऱ्या वकिलांना तोंडपाठ असतील. त्यांच्या पक्षकाराचाच हा दूरचा भाऊ.

लहान निकालासाठी रीत अशी. सगळ्यात आधी शेवटचा परिच्छेद, म्हणजे हुकूम: अपील मंजूर की नामंजूर, कुणाला काय मिळालं. मग पहिली दोन पानं: कुणी, कुणाकडे, काय मागितलं होतं. मग खालच्या कोर्टांनी काय केलं. एवढं झालं की थांब आणि वहीत मराठीत पाच ओळी लिही. मराठीतच लिही, तुझा विचार त्याच भाषेत वेगाने चालतो. नंतर मधला भाग वाच, पण एकच गोष्ट शोधत: न्यायालयाने हे ‘का’ केलं. ज्याला वर्गात रेशो रेशो म्हणतात तो सापडला की नाही हे तपासायची माझी एक घरगुती कसोटी आहे. खटल्यातली एक हकिकत मनातल्या मनात बदल आणि विचार, आता निकाल फिरला असता का? फिरला असता तर ती हकिकत रेशोच्या आत आहे. फिरला नसता तर सोडून दे, न्यायमूर्तींनी त्यावर चार पानं लिहिली असली तरी.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात आणि काही निकालांची मराठी भाषांतरंही आहेत. आराखडा कळायला भाषांतर जरूर बघ, पण अवतरण द्यायचं ते मूळ इंग्रजीतून. अपिलांच्या सुरुवातीला ‘लीव्ह ग्रँटेड’ असं असतं, ते भाषांतरात ‘रजा मंजूर’ झालं तर तुला हसू आलं पाहिजे, इतकी शुद्ध शाबूत ठेव. (तिथे परवानगी असते, अपील दाखल करायची.) भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ग्रंथालयात मिळाला तर हाताशी असू दे. तो नसला तरी तुझ्या डोक्यात एक कोश आहेच. इंजंक्शन म्हणजे मनाई हुकूम, डिक्री म्हणजे हुकूमनामा, क्रॉस म्हणजे उलटतपास, एक्झिबिट म्हणजे निशाणी. वर्गात हे शब्द ऐकताना तू त्यांना परके समजतेस. ते तुझ्याच कोर्टातले आहेत, फक्त टाय लावून आलेत.

निशाणीवरून तुझ्या त्या सेमिनारकडे येते. अंतरिम मनाईवर चर्चा होती आणि तू गप्प बसलीस, हे वाचून मी कागद खाली ठेवला. दीड वर्षात तू निशाणी 5 चे किती अर्ज लिहिलेस? तीस? चाळीस? बाकीच्या वाचकांसाठी सांगते: आपल्याकडे दिवाणी दाव्यात वादपत्र ही निशाणी 1 आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक वेळा निशाणी 5, इतका ठरलेला की त्या अर्जाचं नावच ‘निशाणी 5’ पडलंय. प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान, हे तीन मुद्दे तू झोपेतही लिहिशील. त्या खोलीत अमेरिकन सायनामाइडची चर्चा नक्की झाली असणार, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा 1975 चा निकाल. तो म्हणतो की या टप्प्यावर खटल्याची बाजू किती भक्कम हे फार खोदू नका, विचार करण्याजोगा गंभीर प्रश्न आहे ना एवढं बघा, आणि मग समतोलाकडे वळा. वर्गातल्या मुलांनी हे वाचलं. पण निशाणी 5 वर आदेश झाला की बांधाच्या भांडणाचा दावा तालुक्यात व्यवहारात संपलेलाच असतो, पुढे साक्षीपुराव्याला कितीही वर्षं लागोत, हे त्यांच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? ज्याला मनाई मिळाली तो पेरतो, दुसरा वाट बघतो. मग ‘बाजू किती भक्कम हे आता खोदू नका’ हे तत्त्व तिथे न्याय्य ठरतं का? सर विचारत होते ती पोझिशन म्हणजे हीच. ती तुझ्याकडे होती. नव्हतं ते पहिलं वाक्य.

तर पहिलं वाक्य घरून लिहून ने. पुढच्या प्रत्येक सेमिनारला दोन वाक्यं इंग्रजीत कागदावर, साधी, आठ-दहा शब्दांची. एक: मी कोर्टात काय पाहिलं. दोन: वाचलेल्या निकालाशी ते कुठे जुळत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच हात वर कर, कारण तासाभराने चर्चा इतकी पुढे गेलेली असते की तुझा कागद शिळा होतो. कागद बघून वाचलंस तरी चालेल. ‘सॉरी फॉर माय इंग्लिश’ एवढं मात्र म्हणायचं नाही. हसणाऱ्याचं काय करायचं? काही नाही. ज्याने अजून रोजनामा, म्हणजे प्रकरणात तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद, पाहिलेला नाही त्याचं हसणं किती मनावर घ्यायचं?

आता एक निकाल सांगते, जो तू या वर्षात स्वतः वाचलाच पाहिजेस. लहान आहे, एका बैठकीत होतो, आणि आपल्याच राज्यातला आहे. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लोक त्याला मथुरा प्रकरण म्हणतात. 26 मार्च 1972 ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा ही मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाने दिलेल्या तक्रारीवरून तिला जबाबासाठी ठाण्यात आणलेलं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत थांबवून घेतलं. तिथे तिच्यावर बलात्कार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, म्हटलं की भीतीने निमूट राहणं ही संमती नव्हे. 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला हे पटत नाही.

प्रकरण तिथे संपलं होतं. अपिलाला वर जागाच उरली नव्हती. मग 16 सप्टेंबर 1979 ला कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार दिल्लीचे, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर पुण्याचे. त्यांच्याकडे नवा साक्षीदार नव्हता, नवा कागद नव्हता. होतं तेच निकालपत्र, जे तुला-मला कुणालाही मिळतं. त्यांनी ते फक्त नीट वाचलं. संमती आणि शरणागती यांत फरक आहे, तो निकालात पुसला गेलाय, हे त्यांनी दाखवलं. आणि त्याहून मला जास्त शिकवून गेलेली गोष्ट: निकालात काय ‘नाही’ तेही त्यांनी वाचलं. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 160 सांगत होतं. त्याच 1978 साली नंदिनी सत्पथी प्रकरणात याच सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून पोलिसांचे कान उपटले होते. मथुरेच्या निकालात मात्र त्याचा एक शब्द नाही. रात्रीच्या वेळी ती पोर ठाण्यात कशी, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मथुरेला त्याचा उपयोग झाला नाही, हेही तुला सांगितलं पाहिजे. निकाल फिरला नाही. पण ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला, आणि पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात बाईने ‘संमती नव्हती’ म्हटलं तर न्यायालय तसंच गृहीत धरेल, असं कलम 114-अ पुरावा कायद्यात आलं. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 120 आहे. तुझ्या साहेबांनी कधी ना कधी ते वापरलं असेल किंवा त्याच्याविरुद्ध लढले असतील. आईने पुन्हा विचारलं की ‘हे करून काय होतं’, तर ही गोष्ट सांग. कायद्यातला ‘क’ न येणाऱ्या माणसालाही ती कळते.

आता डिझर्टेशन. विषय द्यायचा आहे असं तू लिहितेस, आणि तुझ्या पत्रात चौथ्या-पाचव्या ओळीत तो पडलेला आहे. ‘ऊसतोड सुरू झाली की पक्षकारच येत नाहीत, नुसत्या तारखा पडतात.’ हे तू सहज लिहून गेलीस. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

रजनेश विरुद्ध नेहा तुला माहीत असणारच, पोटगीच्या फाइली सांभाळायचीस. 4 नोव्हेंबर 2020. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं प्रकरण. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, वगैरे. त्या निकालाला शपथपत्राचे नमुने जोडलेत आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. आता तुझा पक्षकार डोळ्यांसमोर आण. सातबारा बापाच्या नावावर. स्वतःच्या नावावर काही नाही. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली, सहा महिने कारखान्यावर. ही उचल शपथपत्रात कुठे लिहायची, उत्पन्नात की कर्जात? आणि त्याहून अवघड: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल जोडीवर येते आणि बहुधा त्याच्या हातात पडते. तीच बाई सहा महिन्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगी मागायला आली की समोरचा वकील विचारतो, ‘तुम्ही ऊस तोडता ना? मग स्वतःचं पोट भरू शकता.’ कोयत्याची ती अर्धी बाजू आहे हे उचलीच्या हिशेबात दिसत नाही, आणि उलटतपासात मात्र बरोबर दिसतं. यावर तुझ्या वर्गात दुसरं कोण लिहू शकेल सांग?

विषय मोठा करू नकोस. ‘भारतातील महिलांचे पोटगीचे हक्क: एक चिकित्सक अभ्यास’ असलं शीर्षक दिसलं की परीक्षकाला जांभई येते, आणि तो परीक्षक बऱ्याचदा मीच असते. एक कोर्ट घे, दोन-तीन वर्षांतले निकाली निघालेले पोटगीचे अर्ज घे, आणि तीनच गोष्टी बघ: शपथपत्र दाखल झालं का, कोणत्या नमुन्यात, आणि अर्ज कुठल्या महिन्यांत थांबून राहिला. मुलाखतींच्या मागे फार लागू नकोस. दिवाळी झाली की टोळ्या निघून जातात आणि परत येईपर्यंत तुझं सबमिशन तोंडावर आलेलं असेल. कागद कुठे जात नाहीत. रोजनाम्यात ‘अर्जदार गैरहजर’ हे किती वेळा आणि कोणत्या महिन्यात, एवढं मोजलंस तरी ते आकडे तुझे स्वतःचे असतील.

दोन पथ्यं. ज्या प्रकरणात तू वकील नव्हतीस त्याच्या नकलेसाठी कारण देऊन न्यायालयाची परवानगी मागावी लागते, ती गाइडच्या पत्रासह माग. आणि ज्यात तू वकील होतीस त्यात पक्षकारांनी तुला विश्वासाने सांगितलेलं काहीही वापरायचं नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. तालुक्याच्या गावात नाव बदलल्याने काही लपत नाही हे तुला सांगायला नको.

एआयबद्दल थोडक्यात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दाखल केले. न्यायाधीशांना ते सापडेनात. 5,000 डॉलर दंड झाला आणि जगभर शोभा झाली. तुझं इंग्रजी वाक्य सरळ करून घ्यायला यंत्र वापरलंस आणि विद्यापीठाच्या नियमात ते बसत असेल तर माझी हरकत नाही. पण सिनॉप्सिस लिहून घेतलास तर त्यात कोयता असणार नाही, आणि साहित्यचोरीचा अहवाल काय म्हणेल ही भीती वेगळी. सगळे घेतात म्हणतेस? सगळे नाही घेत. जे घेतात ते आम्हाला तिसऱ्या पानावर कळतात.

त्या मैत्रिणीशी मात्र भांडू नकोस. तिच्याशी सौदा कर. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिने तुला न्यायशास्त्र समजावायचं, तू तिला दिवाणी प्रक्रिया संहिता. पाच वर्षं मूट कोर्ट, म्हणजे कॉलेजातले सरावाचे खटले, गाजवलेल्या मुलींना वकीलपत्रावर तिकीट कुठे लावतात ते माहीत नसतं. तिची मिजास उतरेल, तुझी भीड चेपेल.

सोडून यावं का, असं विचारलंयस. माझ्या मते नाही. निदान पहिलं सत्र संपेपर्यंत हा प्रश्न घरी कुणाजवळ काढूही नकोस. कर्जाचे हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. कोर्स अर्धवट सोडला तर काय, ते बँकेच्या मंजुरीपत्रात बघून घे, म्हणजे रात्री दोन वाजता तो हिशेब डोक्यात फिरणार नाही. आणि रात्री दोनपर्यंत बसणं बंद कर. दोन वाजता वाचलेला निकाल मला आजवर कधी सकाळी आठवलेला नाही.

साहेबांना फोन कर. टेबल राखून ठेवलंय त्याबद्दल आभार मान आणि सांग की वर्षाने येते किंवा येत नाही ते कळवते, पण त्याआधी एक काम आहे: न्यायाधीशांकडे परवानगीचा अर्ज द्यायचाय, कसा लिहू? त्यांना आवडेल. ज्युनिअरला अर्ज सांगायला कुठल्याही वकिलाला आवडतं. फक्त ते दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणून ठेवू नकोस. तेव्हा कोर्टालाही सुट्टी असते. आधीचा आठवडा गाठ, सोमवार टाळून जा, आणि बेंच क्लार्कसाठी वसतिगृहाच्या गावची काहीतरी मिठाई ने. रोजनामे काढून द्यायचे म्हणजे त्यांना कपाटावर चढावं लागणार आहे.